स्थळाच्या बायोडेटात ‘एच-इंडेक्स १४’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

लोकमान्यनगरी :
नमस्कार इंदूरकर मंडळी. मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे. काल एक बायोडेटा आला. मुलगा पदार्थविज्ञानात पीएच.डी., वय ३३, बाहेरगावी एका संस्थेत असिस्टंट प्रोफेसर. गोत्र, नाडी, उंची, पगार सगळं ओळीने, आणि पगाराच्या खाली ‘एच-इंडेक्स १४, सायटेशन ७१२’. मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस. मला पॉवर फॅक्टर कळतो, हा इंडेक्स कळत नाही. बायको म्हणते, ब्लडग्रुपसारखं काही असेल. मुलगी सी.ए. आहे, ती म्हणाली, ‘बाबा, आधी पगाराचं खरंखोटं बघा.’
१४ म्हणजे चांगलं की काठावर? शंभरपैकी असेल तर पंचाईत. जाणकारांनी सांगावं.

तिरकस :
छत्तीसपैकी १४? नाही जुळत काका. निदान अठरा तरी हवेत. पुढचं स्थळ बघा.

पोहेजलेबी :
भिया, जीरावन असतं ते. पोहे फिके झाले की वरून जरा जास्त भुरभुरवतात.

खडूस मास्तर :
थट्टा पुरे. काका, मी चोवीस वर्षं रसायन शिकवतोय, सांगतो. शास्त्रज्ञाने लिहिलेल्या एखाद्या निबंधाचा पुढे इतरांनी आपल्या निबंधात आधार म्हणून उल्लेख केला की ते एक सायटेशन. आता त्याचे सगळे निबंध उल्लेखांच्या उतरत्या क्रमाने लावा. माझेच लावतो, लाज कसली : ४८, १७, ९, ६, ५, ४, १. वरून मोजत या. पाचव्या निबंधाला ५ उल्लेख आहेत, म्हणजे पाच निबंध असे की प्रत्येकाला निदान पाच. सहाव्याला चारच, तिथे गाडी अडली. माझा एच-इंडेक्स ५. तुमच्या त्या मुलाचे १४ निबंध असे आहेत की प्रत्येकाला निदान १४ उल्लेख मिळालेत.

हे माप काढलं होर्हे हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत, २००५ साली. त्यांचाच अंदाज असा की अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात पदार्थविज्ञानात नोकरी कायम व्हायला साधारण १२ आणि पूर्ण प्रोफेसर व्हायला १८ असावा. तेव्हा तेहतिसाव्या वर्षी १४ वाईट नाही. शंभरपैकी वगैरे काही नाही, वर मर्यादाच नाही. हिर्शच्या त्या लेखात एडवर्ड विटन या नावाजलेल्या पदार्थवैज्ञानिकाचा ११० होता.

आणखी एक. उल्लेखांची एकूण बेरीज ही एचच्या वर्गाच्या तिप्पट ते पाचपट भरते, असंही हिर्शनी लिहिलंय. १४ चा वर्ग १९६. ७१२ म्हणजे साडेतीन पटीहून थोडं वर. आकडा मनाने ठोकलेला दिसत नाही. सी.ए. मुलीला सांगा.

लोकमान्यनगरी :
सांगितलं. म्हणाली, ‘हे ऑडिट नाही, अदमास आहे.’ पण कागद पुन्हा हातात घेतला. मास्तर, एक शंका. तुमच्या त्या ४८ च्या जागी ४८०० असते तर?

खडूस मास्तर :
तरी ५ च. शंका नेमक्या जागी काढलीत. त्याच दुखण्यावर बेल्जियमच्या लिओ एग्गे यांनी २००६ मध्ये जी-इंडेक्स काढला, त्यात वरच्या वजनदार निबंधाचं वजन धरतात. पण त्याला कुणी विचारत नाही. फॉर्मात रकाना एचचाच असतो.

सायकलवेडा :
अवांतर. हेच गणित आम्हा सायकलवाल्यांत हिर्शच्या कितीतरी आधीपासून आहे. आर्थर एडिंग्टन, ते ताऱ्यांवाले, त्यांच्या नावाने ‘एडिंग्टन अंक’ म्हणतात. आयुष्यात किती दिवस निदान तितके मैल सायकल चालवली? त्यांचा अंक ८४, म्हणजे ८४ दिवस असे की त्या दिवशी ८४ मैल तरी झाले. माझा किलोमीटरमध्ये ५२. वर जावं तसं एकेक पाऊल महाग होतं, कारण ५३ करायचा तर आधीच्या बरोब्बर ५२ च्या सगळ्या फेऱ्या बाद. आता जाम गेटसारख्या लांबच्या दोन-चार फेऱ्या मारल्याशिवाय काही हलत नाही.
आणि कबूल करतो, ५१ वर असताना एकदा घरी पोचलो आणि घड्याळात ४९.८ दिसले. सायकल आत घेतली नाही. कॉलनीतच गोल चकरा मारत बसलो. शेजारचे जोशीकाका गेटवर उभे राहून विचारत होते, काही हरवलंय का?

तिरकस :
त्या चकरांना तिकडे सेल्फ-सायटेशन म्हणतात.

खडूस मास्तर :
तिरकस यांनी आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काही लिहिलं. स्वतःच्या जुन्या निबंधाचा उल्लेख स्वतःच करायचा. गुन्हा नाही, काम पुढचं असेल तर मागचं सांगावंच लागतं. पण काही जण नेमका तेराव्या-चौदाव्या क्रमांकावर अडकलेला निबंध हेरून त्यालाच पाणी घालतात. मी एका निबंधाचं परीक्षण केलं, त्यात विषय पाण्यातलं फ्लोराइड आणि संदर्भात लेखकाचाच रंगद्रव्यांवरचा निबंध. विचारलं संबंध काय, तर म्हणे दोन्हीत पाणी आहे.

काळा कोट :
सायटेशन हा शब्द मुळात आमच्या धंद्यातला, म्हणून आले. मी इथल्या खंडपीठात वकिली करते. विज्ञानातली ही उल्लेखांची सूची युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये काढली, कल्पना १९५५ मध्ये मांडली होती. आणि ती त्यांना सुचली ‘शेपर्ड्स सायटेशन्स’वरून. अमेरिकेतले वकील १८७३ पासून ती सूची वापरतात.
पण त्या सूचीची गंमत ऐका. अमुक निकालाचा पुढे किती वेळा उल्लेख झाला, एवढ्यावर ती थांबत नाही. पुढच्या न्यायालयाने तो मानला, की आपलं प्रकरण निराळं म्हणून बाजूला ठेवला, की रद्दच केला, हे खुणेने दिलेलं असतं. आमचा सगळा जीव त्या खुणेत. ओव्हररूल झालेला निकाल मी उभं राहून वाचायला घेतला तर समोरचा वकील गालात हसेल आणि साहेब चष्म्यावरून बघतील. तुमच्या मोजणीत ओव्हररूल झालेल्यालाही एक गुण मिळतो का?

खडूस मास्तर :
मिळतो, पूर्ण एक. १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला अँड्र्यू वेकफील्ड यांचा निबंध घ्या, गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध जोडणारा. २०१० मध्ये मासिकाने तो मागे घेतला. त्याचे उल्लेख भरमसाट, त्यातले पुष्कळसे तो कसा चुकीचा हे सांगण्यासाठी. आकड्याला शिवी आणि ओवी सारखीच.
गारफील्डनी सूची घेतली आणि खुणा राहिल्या कोर्टात. ताई, इतकी वर्षं हे शिकवतोय, पण असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

देवासची :
सगळे मिळून आकड्याला झोडपताय म्हणून लिहिते. मी देवासच्या साध्या कॉलेजातून आले. घरात कुणी प्रोफेसर नाही, गाइड कुणाच्या गटातले नाहीत. पोस्ट-डॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागेच्या, मुलाखतीला बाहेर बाकावर आम्ही सहा जण, त्यातल्या दोघांना आतले साहेब नावाने ओळखत होते, एकाला तर ‘बाबा कसे आहेत’ असं विचारलं. माझ्याकडे होता फक्त गूगल स्कॉलरवरच्या माझ्या निबंधांचा आणि उल्लेखांचा एक पानाचा प्रिंट. त्या पानामुळे माझं निदान वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि मला जागा दिली. आकडा आंधळा आहे, मान्य. पण ज्याच्याकडे ओळख नाही त्याला आंधळा परीक्षकच परवडतो. आकडे नव्हते तेव्हा काय रामराज्य होतं?

पोहेजलेबी :
ये हुई ना बात. +१

खडूस मास्तर :
देवासची, रामराज्य नव्हतंच, ‘आपला माणूस’ राज्य होतं. माझी तक्रार आकड्यावर नाही, तो रकाना झाला त्यावर आहे. २०१० साली यूजीसीने प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआयचे गुण आणले, निबंधाला इतके, परिषदेला इतके. त्यानंतर जर्नलांचं असं पीक आलं की सोयाबीनलाही लाज वाटावी. मग त्यातली बरी जर्नलं निवडायला केअर नावाची यादी काढावी लागली, २०२५ मध्ये तीही गुंडाळली. मधल्या काळात माझ्या फोनवर निरोप येत : ‘सर, पंधरा दिवसांत छापून देतो, पहिल्या लेखकाची जागा ३५ हजार, चौथी १२ हजार, सायटेशन वेगळे.’ मी गंमत म्हणून विचारलं, विषय काय? उत्तर आलं, ‘विषय नंतर ठरवू सर, आधी जागा बुक करा.’ स्लीपर कोचसारखं.

तिरकस :
लोअर बर्थ म्हणजे करस्पाँडिंग ऑथर का?

सायकलवेडा :
सायटेशन विकत मिळतात हे दाखवायला २०२४ मध्ये दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराचं गूगल स्कॉलरवर खातं उघडलं होतं. त्याच्या नावावर डझनभर निरर्थक निबंध, ते उद्धृत करणारे आणखी तसलेच निबंध. मांजराचा एच-इंडेक्स ११ झाला, मग गूगलने तो काढून टाकला.

तिरकस :
काका, अभिनंदन. मुलगा मांजरापेक्षा तीनने पुढे आहे.

लोकमान्यनगरी :
हे बायकोला वाचून दाखवलं नाही.

मोडीवाली :
देवासची यांचं पटतं, पण ते पान ज्यांना मिळतच नाही त्यांचं काय? मी होळकरांच्या काळची मोडी कागदपत्रं वाचते. एक रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, सोडला की त्यात जमाखर्च, तक्रारी, कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली, सगळं. एकेका अक्षरावर दुपार जाते, कारण कारकुनाने लेखणी न उचलता सगळी ओळ ओढलेली असते. वाचन छापते मराठी त्रैमासिकात, कारण वाचणारे तिथेच आहेत. ती त्रैमासिकं स्कोपसमध्ये, म्हणजे उल्लेख मोजणाऱ्या सूचीत, नाहीत. माझा एच-इंडेक्स चक्क ०. माझ्या लिप्यंतरावर पुस्तकं लिहून झाली आहेत लोकांची. प्रस्तावनेत एक ओळ आभार असतात, कधी कधी नाव चुकवून.

काळा कोट :
मोडीवाली, एक वाटणीचं प्रकरण तुमच्याकडे पाठवते. १९०८ चा कागद आहे, कोर्टात कुणालाच वाचता येत नाहीये. फी मिळेल, इंडेक्स मिळणार नाही.

सोयाबीनकाका :
उशिरा आलो. मी आयुष्यभर शेतीसंशोधनात होतो, आता भाजी लावतो. प्रभाव कसा मोजायचा म्हणताय तर आपल्या गावचंच उदाहरण डोळ्यांपुढे असताना मांजरं कशाला हवीत?

१९२४ साली इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री निघाली. आल्बर्ट हॉवर्ड तिथे संचालक, सहकारी यशवंत वाड. त्यांनी शेतातला कचरा कुजवायची रीत बसवली. उथळ खड्डा, त्यात काडीकचऱ्याचे थर, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातली माती, थोडी राख, बेताचं पाणी. तीन वेळा पालटायचं, पुन्हा सांगतो, तीन वेळा, आणि तीनेक महिन्यांत खत तयार. कपाशीच्या आणि तुरीच्या काड्या लवकर कुजत नाहीत, तर त्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या, बैलगाड्यांची चाकं त्यावरून गेली की आपोआप चुरा होतो. यंत्र नको, मजुरी नको. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघालं. ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली.

आता सांगा, ती पद्धत वापरून खत करणाऱ्या कुठल्या शेतकऱ्याने सायटेशन दिलं? पाठ्यपुस्तकातही ‘इंदूर पद्धत’ एवढंच लिहितात, खाली तळटीप नसते. गोष्ट इतकी मुरली की कुणाची ते सांगायची गरज उरली नाही. मीठ विरघळल्यासारखं. खुद्द हॉवर्ड शेतकऱ्यांना आणि किडींना आपले प्राध्यापक मानत. त्या प्राध्यापकांचा एच-इंडेक्स काढा बघू.

देवासची :
काका, उदाहरण सुंदर आहे, पण माझ्या बाजूचं आहे. आज कुणालाही विचारा, इंदूर पद्धत कुणाची? हॉवर्डची. वाड कुणाच्या तोंडी नाहीत. मी कृषीमध्ये एम.एस्सी. केलेल्या मैत्रिणीला आत्ता फोन करून विचारलं, तिलाही माहीत नव्हते. आंधळ्या मोजणीत दोन लेखकांना सारखाच एकेक गुण पडतो. कागदावर वाड हॉवर्डच्या बरोबरीने उभे राहिले असते. विसरलं कुणी? माणसांनी.

सोयाबीनकाका :
हे बरोबर बोललीस पोरी. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

बीमलाईन :
वाचत होतो, आता राहवत नाही. मी सुखनिवासकडच्या यंत्रांवर काम केलेला माणूस, म्हणजे आरआरकॅट हे इंदूरचं संशोधन केंद्र. नव्यांसाठी : तिथे इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहे, इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला फिरतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवर प्रयोग करायला देशभरातून लोक येतात. ते चार दिवस प्रयोग करून जातात, निबंध त्यांचा. रात्री तीनला बीम, म्हणजे तो इलेक्ट्रॉनांचा झोत, पडला की जो धावतो, व्हॅक्यूमचा आकडा बघत उभा राहतो, त्याचं नाव आभारात आलं तर आलं. एकदा एका गटाने यंत्राचंच नाव चुकीचं छापलं होतं.

पण दुसरी गोष्ट सांगायची होती. जिनिव्हाजवळचा तो २७ किलोमीटरचा बोगदा, त्यातलं कणांची टक्कर घडवणारं यंत्र म्हणजे एलएचसी. त्यातले चुंबक ज्यांच्यावर उभे आहेत ते जॅक, सुमारे सात हजार, आपल्या इथल्या आराखड्यावर देशातल्या कारखान्यांत बनून गेले. एकेक मोठा चुंबक १५ मीटर लांब, ३५ टनांच्या आसपास, आणि तो केसाच्या जाडीइतका इकडे-तिकडे सरकवता आला पाहिजे, आणि सरकवला की तिथेच राहिला पाहिजे. २०१५ मध्ये तिथल्या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानावर निबंध छापला. लेखक ५,१५४. पानं ३३, त्यातली पहिली ९ संशोधनाची, बाकी मुख्यतः नावांची जंत्री. त्या प्रत्येकाच्या खात्यात ते सायटेशन अख्खं जमा होतं. जॅकला सायटेशन नसतं.

आणि ज्यांच्या नावाचा तो कण, त्या पीटर हिग्ज यांनी १९६४ च्या त्या कामानंतर दहासुद्धा निबंध लिहिले नाहीत. २०१३ साली, नोबेलच्या वेळी, स्वतःच सांगितलं होतं की आजच्या काळात मला कुणी नोकरीवर ठेवलं नसतं.

पोहेजलेबी :
सात हजार जॅक इंदूरचे? भिया, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. स्वच्छतेत पहिले आलो ते मात्र कचरागाडीवरच्या भोंग्यातून रोज ऐकतो.

खडूस मास्तर :
बीमलाईन, मला तरी तुमचं काम मोजायची रीत ठाऊक नाही. आणि खुद्द हिर्श यांनीही २०२० मध्ये लिहिलं की आपल्या या मापाचे नको ते परिणाम झाले. ते अतिवाहकतेच्या, म्हणजे वीज विनाअडथळा वाहण्याच्या, रूढ सिद्धांताच्या विरोधात लिहितात. रूढ मताविरुद्ध लिहिणाऱ्याला उल्लेख मिळत नाहीत, हे त्यांना स्वतःच्याच फूटपट्टीने दाखवून दिलं.

मोडीवाली :
पण काकांचा प्रश्न राहिलाच की. स्थळाचं काय झालं?

लोकमान्यनगरी :
मंडळी, परवा ते लोक येऊन गेले. मुलाला धाग्यातलं काही विचारायचं नाही असं घरातून बजावलं होतं, पण मी चहा झाल्यावर विचारलंच, की एच-इंडेक्स १४ चं काय? मुलगा एकदम लाल झाला. बायोडेटा त्याच्या आईने बनवला होता. त्यांच्या भिशीतल्या एका बाईंच्या मुलाच्या बायोडेटात ११ लिहिलं होतं म्हणून यांनी १४ लिहिलं. त्याला पत्ताच नव्हता. आईला म्हणाला, ‘आणि ते जुनं आहे, आता १५ आहे,’ आणि मग हे बोललो कशाला असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. पुढे खाली बघत सांगितलं की त्या पंधरातले चार निबंध चाळीस-चाळीस जणांचे आहेत आणि त्यात त्याचं काम पंप थंड ठेवायचं होतं. मी म्हटलं, पंपाचं मला सांगा. मग आम्ही दोघं पाऊण तास पंपावरच बोललो, बायकोने दोनदा डोळे वटारले.
मुलीने फक्त दोन प्रश्न विचारले. नोकरी कायम कधी होणार, आणि फॉर्म-१६ आहे का. रविवारी दोघं खायला छप्पन दुकानला भेटतायत.

तिरकस :
१५! आता फक्त तीन गुण कमी.

देवासची :
भिशीतल्या ११ चं स्थळ तपासून घ्या, मांजर असेल.

लोकमान्यनगरी :
जाता जाता, सोयाबीनकाकांना विचारायचं होतं. मुलाने गच्चीवर कचऱ्याचा ड्रम केलाय, निघताना मला फोटो दाखवत होता. पण माश्या फार होतात आणि वास येतो म्हणे. काय करावं?

सोयाबीनकाका :
ओलं जास्त झालंय. भाज्यांची देठं एकावर एक टाकत असणार. सुकी पानं घाला, पाणी आठवडाभर बंद, आणि पालटा. वर दोनदा सांगितलंय, तीन वेळा पालटायचं.